थिबा राजाची मोटार

रत्नागिरीचा मनुष्य आंब्याच्या पेटींत सहसा फसत नाहीं. पेटीवर ठळक अक्षरांत 'अस्सल रत्नागिरी हापूस' असें छापलेलें असो, आंत पेंढा घरच्यासारखा अंथरलेला असो, विकणारा शपथेवर सांगत असो. तो आधीं फळ हातांत घेतो, देंठाजवळ नाक नेतो, सालीवर अंगठा फिरवितो, आणि मग कर्नाटकाचा आंबा कर्नाटकाच्या नांवानें ओळखून बाजूस ठेवितो. कोंकणच्या हापुसाला २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें तें सरकारदरबारीं. येथल्या माणसाच्या नाकाला तें पिढ्यान् पिढ्या मिळालेलेंच होतें. असें असतां, ह्याच नाकाचा आणि ह्याच अंगठ्याचा, आमच्या स्वतःच्या घराण्यांतला एक मनुष्य एका जुन्या मोटारीच्या व्यवहारांत कसा बुडतां बुडतां राहिला, आणि त्याला बुडविण्याच्या कामीं आमचाही हात कसा लागत होता, ती हकीकत आज सांगावयाची आहे. ती सांगण्यांत आमच्या शहाणपणाची शोभा होते, हें आम्ही जाणून आहों.

आमचे थोरले चुलतबंधु मुंबईस एका बँकेंत ३४ वर्षें नोकरी करून निवृत्त झाले आणि भाट्याच्या खाडीपलीकडे वडिलार्जित घरीं येऊन राहिले. त्यांना आम्ही दादा म्हणतों. घर मोठें, मुलें परदेशीं, खोल्या रिकाम्या. तेव्हां कोंकण पाहावयास येणाऱ्या प्रवाशांच्या उतरण्याची सोय तेथें करावी असें त्यांनीं ठरविलें. एवढ्यावर थांबते तर बरें होतें. परंतु अंगणांत प्राजक्ताखालीं एखादी पुरातन मोटार उभी असावी, पाहुण्यांनीं तिच्याशेजारीं उभें राहून छायाचित्रें काढावींत, आणि लग्नसराईंत तिच्यांतून नवरानवरीची वरात निघावी, हें खूळ त्यांच्या डोक्यांत शिरलें. खूळ म्हणण्याचा अधिकार आम्हांस आज आहे. त्या वेळीं ती कल्पना आम्हांस मोठी रसिकपणाची वाटली होती. मोबाइलवर जाहिराती पाहतां पाहतां एके दिवशीं त्यांना हवें तें सांपडलें, आणि तेंही आपल्याच तालुक्यांत. किंमत १८ लक्ष रुपये. ती भागविण्याकरितां खाडीच्या बाजूचा कलमांचा एक तुकडा काढावा लागणार होता.

गाडी पाहावयास दादा, वहिनी आणि आम्ही असे तिघे गेलों. हातखंब्याच्या बाजूस, महामार्गापासून बरीच आंत, एका पत्र्याच्या शेडमध्यें ती उभी होती. विकणारे गृहस्थ बोलके होते. त्यांनीं एकदम कांहीं दाखविलें नाहीं. आधीं चहा दिला, मग दिवे लाविले, आणि मग गाडीवरचा पांढरा कपडा असा हळूच ओढला कीं आम्हांस एखाद्या पुतळ्याच्या अनावरणाचीच आठवण व्हावी. रंग गर्द तांबडा, दिव्यांचे डोळे पितळी चकचकीत, दारावर सोनेरी मोर, आणि पुढच्या फळीवर पितळेची एक पट्टी. तीवर इंग्रजी अक्षरांत थिबा राजाचें नांव आणि १९१२ हें साल.

"साहेब, ही साधी गाडी नव्हे," ते म्हणाले. "राजेसाहेब हिच्यांतून मांडवीवर हवा खावयास जात."

ज्या वाचकांस रत्नागिरी ठाऊक नाहीं त्यांच्याकरितां येथें दोन शब्द सांगणें अवश्य आहे. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा ह्याला इंग्रजांनीं १८८५ सालीं पदच्युत केलें आणि १८८६ च्या उन्हाळ्यांत राणी सुपयालत आणि लहान मुली ह्यांच्यासह रत्नागिरीस आणून ठेविलें. खाडीकडे पाहणारा जो प्रशस्त वाडा आज थिबा पॅलेस म्हणून ओळखला जातो तो त्याच्यासाठीं बांधून १९१० सालीं तयार झाला. त्यांत त्याला जेमतेम सहा वर्षें राहावयास मिळालें. १९१६ च्या डिसेंबरांत राजा येथेंच वारला. १९१९ सालीं राणी आपल्या कुटुंबासह ब्रह्मदेशास परत गेली. राजाची समाधि मात्र येथेंच राहिली, आणि २०१२ सालीं ब्रह्मदेशाचे तेव्हांचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन हे मुद्दाम येऊन तिचें दर्शन घेऊन गेले. हा सर्व इतिहास आम्हांस तोंडपाठ. त्यावर आम्हीं दोन व्याख्यानेंही दिलेलीं आहेत. दादांनीं आम्हांस बरोबर नेलें होतें तें ह्याचमुळें. ते आम्हांस पुराव्याचा मनुष्य समजत होते.

आणि ह्या पुराव्याच्या माणसानें काय केलें? मोर पाहिला, आणि मोर हें ब्रह्मदेशच्या राजघराण्याचें चिन्ह, हें त्याला आठवलें. १९१२ हें साल वाचलें, आणि राजा तेव्हां हयात होता, नव्या वाड्यांत राहत होता, हा मेळ त्याला बसला. जुन्या कातड्याचा वास नाकांत गेला, आणि संध्याकाळचा मांडवीचा किनारा, गाडींत मागें बसलेला तो उदास राजा, पश्चिमेचा वारा, हें सगळें चित्र त्याच्या डोळ्यांपुढें उभें राहिलें. गाडीच्या खालीं त्यानें एकदांही वांकून पाहिलें नाहीं. उलट तो मनुष्य दादांना बाजूस घेऊन म्हणाला, "दादा, असा योग पुनः यावयाचा नाहीं." तो मनुष्य म्हणजे आम्ही. दादांनीं तेथल्या तेथें ५०,००० रुपये विसार मोजला.

परततांना गाडींत आम्ही दोघे बोलत होतों. वहिनी गप्प होत्या. भाट्याच्या पुलावर आल्यावर त्या म्हणाल्या, "पेटीवरचें नांव तुम्हीं दोघांनीं वाचलेंत. फळ कोणीं हुंगलें?"

दादा हंसले. आम्हांसही हंसूं आलें. पण रात्रीं झोंप आली नाहीं.

वहिनींनींच दुसऱ्या दिवशीं उस्तादांना निरोप धाडिला. उस्तादांचें वय सत्तरीच्या पुढें. मिरकरवाड्याच्या बंदरावर मच्छीमारांच्या होड्यांचीं इंजिनें दुरुस्त करण्यांत त्यांचें आयुष्य गेलें. त्यापूर्वीं, ऐन तारुण्यांत, मुंबईस जुन्या अमेरिकन गाड्यांच्या गॅरेजांत ते कामाला होते. खारा वारा लोखंडाला कसा आंतून खातो हें त्यांच्याइतकें कोणाला ठाऊक असणार? येतांना त्यांनीं बरोबर आणिलेलें सामान पाहून आमची निराशाच झाली. एक बॅटरी, एक पेंचकस, रॉकेलांत भिजविलेली चिंधी, मऊ फडक्यांत गुंडाळलेला एक लोहचुंबक, आणि अंगाखालीं घालावयास एक गोणपाट.

आम्ही त्यांना पट्टी दाखवूं लागलों. त्यांनीं तिकडे पाहिलेंही नाहीं. गोणपाट अंथरून ते सरळ गाडीखालीं शिरले, आणि पाऊण तास आम्हांस त्यांचीं पावलेंच काय तीं दिसत होतीं. बाहेर आल्यावर त्यांनीं लोहचुंबक दारावर ठेविला. चिकटला. हळूहळू तो खालीं सरकवीत नेला. दाराच्या तळाच्या चार बोटें वर तो एकाएकीं सुटून हातांत आला. मडगार्डाच्या कडेला तसेंच. मागच्या कोपऱ्यांत तर वीतभर जागेंत तो कोठेंही धरीना. तेथें पत्रा नव्हताच. गंजून गेलेल्या पत्र्याच्या जागीं लांबी भरून, घांसून, वर तो सुंदर तांबडा रंग चढविला होता. पायांखालच्या फळ्यांना पेंचकसाचें टोंक लाविलें तों तें पोळींत बोट जावें तसें आंत गेलें आणि वाळवीचा भुसा खालीं सांडला. रंग जितका जाड आणि जितका नवा, तितकी त्याच्या खालची गोष्ट जुनी, असें उस्ताद म्हणाले. हें वाक्य आम्हीं लिहून ठेविलें आहे.

मग त्यांनीं इंजिनाच्या डाव्या बाजूची चिकट काळी घाण चिंधीनें पुसली. ह्या जातीच्या गाडींत क्रमांक तेथें ठोकलेला असतो. खऱ्या क्रमांकाच्या आरंभीं एक अक्षर असतें. कॅनडांत झालेल्या गाड्यांवर दोन असतात, आणि उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या गाड्या फोर्ड कंपनी आपल्याकडे पाठवी त्या पुष्कळशा कॅनडाच्याच. येथें अक्षर नव्हतें. आंकडे होते, पण एक वर, एक खालीं, एक खोल, एक उथळ. आणि त्यांच्या सभोंवार पोलाद कानशीनें घांसल्याच्या बारीक आडव्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. तोच क्रमांक चासीवरही असावा लागतो, आणि तो बहुधा बॉडीच्या खालीं झांकलेला असतो. येथें तो उघड्यावर, कोणाच्याही नजरेस सहज पडेल अशा जागीं, नव्यानें ठोकला होता. एका मेलेल्या गाडीचे कागद, दुसरीचें इंजिन आणि तिसरीचा सांगाडा एकत्र आणून जी चौथी गाडी जन्मास घालतात, तिची जन्मखूण ही अशी असते. आर. सी. बुकावरचा क्रमांक ह्या ठोकलेल्या आंकड्यांशीं अक्षरशः जुळत होता. तो जुळावा म्हणूनच तर ते ठोकले होते.

चाकें पाहिलीं. पुढचीं दोन १९ इंची, मागचीं २१ इंची.

"ही मॉडेल ए," उस्ताद म्हणाले. "अठ्ठावीस-एकोणतीसला मोठीं चाकें, तीस-एकतीसला लहान. ही दोन गाड्यांची एक केली आहे."

आम्ही विचारलें, "एकोणीसशें बाराची नव्हे?"

"बाराला ही नव्हतीच, साहेब. बाराला फोर्डची मॉडेल टी. ती सत्तावीसपर्यंत. ही तिच्या मागून आली."

हें ऐकतांच आमच्या डोक्यांत जें व्हावयाचें तें झालें. फोर्डची मॉडेल टी १९०८ पासून १९२७ पर्यंत निघाली, आणि मॉडेल ए १९२७ च्या अखेरीस बाहेर पडली, हें उस्तादांना हातांच्या अनुभवानें ठाऊक होतें; राजा १९१६ सालीं वारला हें आम्हांस पुस्तकांवरून ठाऊक होतें. त्यांना राजाचें साल माहीत नव्हतें, आम्हांला गाडीचें. दोन्ही सालें शेजारीं ठेवण्याचें कष्ट आदल्या दिवशीं कोणीं घेतले असते तर विसार खिशांतच राहिला असता. आणि हें कळावयास उस्तादच पाहिजे होते असेंही नाहीं. गाडीला विजेचा स्टार्टर होता. तसला स्टार्टर अमेरिकेंत कॅडिलॅक कंपनीनें प्रथम आणला तोच मुळीं १९१२ च्या नमुन्यांत. चारही चाकांना ब्रेक होते. अमेरिकन गाड्यांत ते रूढ झाले १९२० नंतर. राजा मेल्यावर अकरा वर्षांनीं जन्मलेल्या गाडींतून आम्हीं त्याला मांडवीवर फिरवून आणलें होतें.

येथें आमच्या स्वतःच्या एका जुन्या दुखण्याचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. त्याच शेडच्या कोपऱ्यांत एक हिरवी जीप उभी होती आणि तिच्या कांचेवर '१९४२, दुसरें महायुद्ध' असा कागद चिकटविला होता. तिची पुढची जाळी पाहून आमच्या पोटांत कळ आली. तरुणपणीं असल्याच एका जीपवर आम्हीं दोन वर्षांची शिल्लक घातली होती. युद्धांत १९४१ ते १९४५ पर्यंत विलीज आणि फोर्ड ह्या दोन कंपन्यांनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बनविल्या. त्यांच्या पुढच्या जाळीस नऊ फटी, दिवे लहान आणि जाळीच्या आंत बसविलेले, मागें उघडणारी फळी नाहीं, आणि पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या बैठकीखालीं. युद्धानंतर जी मुलकी जीप निघाली तिला फटी सात, दिवे मोठे, मागें फळी. पुढें महिंद्र कंपनीनें मुंबईस ह्या मुलकी जीपा जुळविल्या आणि मग स्वतःच बनविल्या, आणि कोंकणच्या रस्त्यांवर त्यांनीं जें काम केलें तें काय वर्णावें! ती जीप स्वतःच्या नांवानें विकली गेली तर तिला कोणी कमी लेखणार नाहीं. पण तिची जाळी कापून नऊ फटींची लावावयाची, मागची फळी झाळून बंद करावयाची, बाजारांत हव्या तेवढ्या मिळणाऱ्या नकली पट्ट्यांपैकीं एक डॅशवर ठोकावयाची, आणि तिला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरवावयाची, हा धंदा गेलीं कित्येक वर्षें चालू आहे. आमची नॉर्मंडीची वीरांगना निवळीच्या घाटांत तिसऱ्या महिन्यांत बसली. तो विषय आमच्या घरांत कोणी काढीत नाहीं.

असो. दादा अजून हरले नव्हते. ते म्हणाले, "बारा नसेल, अठ्ठावीस असेल. जुनी आहे ना? दोन गाड्यांची एक केली, त्यांत काय बिघडलें? आपल्या घराचा वासा न् वासा बदललाय, तरी घर आजोबांचेंच ना?"

हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाहीं. हाच प्रश्न १९९० सालीं लंडनच्या हायकोर्टापुढें आला होता. १९२९ आणि १९३० अशीं लागोपाठ दोन वर्षें फ्रान्समधली ल माँची शर्यत जिंकणाऱ्या बेंटली गाडीचा, 'ओल्ड नंबर वन'चा, एक कोटि पौंडांचा सौदा ठरला, आणि घेणारे म्हणाले कीं ही ती गाडीच नव्हे, हिच्यांत मूळचें कांहीं उरलेलेंच नाहीं. न्यायमूर्ति ऑटन ह्यांनीं पाहिलें तों खरोखरच १९२९ च्या गाडीचें तिच्यांत फारसें कांहीं नव्हतें. चासी बदललेली, इंजिन बदललेलें, बॉडी बदललेली. तरीही निकाल विकणाऱ्याच्या बाजूनें लागला. कारण प्रत्येक बदल केव्हां झाला, कसा झाला, ह्याचा माग अखंड सांपडत होता. कोणत्याही क्षणीं ती गाडी मरून दुसरी जन्मली नव्हती. दादांच्या घराचेंही तसेंच आहे. कोणता वासा कोणत्या पावसाळ्यानंतर बदलला हें वहिनी आजही सांगतील. कोल्हापुरास दसऱ्याला छत्रपतींच्या घराण्याची मेबॅक गाडी निघते. ती खरी आहे हें सांगावयास तिच्यावर पट्टी ठोकावी लागत नाहीं, सारें गांव तिला वर्षानुवर्षें पाहत आलें आहे. जोडलेली गाडी म्हणून आमची तक्रार नाहीं. 'दोन मॉडेल ए गाड्यांपासून केलेली एक, पत्रा अमुक ठिकाणीं गेलेला, ब्रेक करावयाचे आहेत,' अशी सरळ जाहिरात देऊन कोणी ती पांच लाखांस विकली असती, तर दादांनीं तीं पांच लाख सुखानें द्यावींत असेंच आम्हीं म्हटलें असतें. पण ज्यानें साल खोटें लिहिलें त्याला क्रमांक खोटा ठोकावा लागतो. क्रमांक खोटा ठोकला कीं सांगाडा कोणाला जवळून पाहूं देतां येत नाहीं. आणि सांगाडा झांकला कीं त्याच्या आड ब्रेकही झांकले जातात.

ब्रेकांची गोष्ट आतां येते. विकणारे गृहस्थ चक्कर मारून दाखवावयास तयार होते, पण सपाट रस्त्यावर. उस्ताद म्हणाले, उतारावर. आणि मी एकटाच बसतों. दादा पुढचें दार उघडून चढूं लागले तेव्हां उस्तादांनीं त्यांचा दंड धरून त्यांना खालीं उतरविलें. शेडपासून ओढ्याकडे एक कच्चा रस्ता उतरत होता. दोन्ही अंगांस जांभ्या दगडांचा गडगा. उस्तादांनीं पहिल्या गियरांत, माणसाच्या चालीनें, गाडी उतारावर घातली. पंचवीस पावलांवर त्यांनीं ब्रेक दाबला असावा, कारण त्यांचें अंग मागें रेललेलें आम्हांस दिसलें. गाडी थांबली नाहीं. हाताचा ब्रेक ओढल्याचा खडखडाट ऐकूं आला. गाडी थांबली नाहीं. वहिनींनीं आमची बाही घट्ट धरली होती. मग उस्तादांनीं शांतपणें स्टिअरिंग डावीकडे वळविलें, मडगार्ड गडग्याला टेकविलें, आणि गाडी दगड खरवडीत सात-आठ हातांवर उभी राहिली. तांबड्या रंगाचा एक मोठा पापुद्रा गळून पडला. त्याच्या आंत बोटभर जाडीची पांढरी लांबी होती.

त्यांनीं आम्हां सर्वांना वांकावयास लाविलें, वहिनींनासुद्धां. ह्या गाडीचे ब्रेक सळयांचे असतात. पायाखालच्या पट्ट्यापासून चारही चाकांपर्यंत लोखंडी सळया जातात. पुढच्या दोन चाकांच्या सळया काढून टाकलेल्या होत्या आणि त्यांचीं टोकें खडखडूं नयेत म्हणून बांधणीच्या तारेनें वर आवळून बांधलीं होतीं. पुढचे ब्रेक कमीजास्त लागले कीं गाडी एका बाजूस ओढते. तें नीट लावण्याची अक्कल किंवा सवड नसली कीं आळशी कारागीर ते मुळांतच तोडतो. मागच्या एका सळईला पिनेच्या जागीं खिळा वांकवून घातला होता. पुढची कांच साधी, खिडकीला लावतात तसली. वास्तविक ह्या गाडीला कंपनीनें फुटली तरी सुरे न होणारी दुपदरी कांच दिलेली असते. पेट्रोलची टाकी ह्या गाडींत कांचेच्या पुढें, बसणाऱ्याच्या गुडघ्यांसमोर असते; तिच्या खालून जाणाऱ्या वायरींचें कापडी वेष्टन इतकें झिजलें होतें कीं आंतलें तांबें चमकत होतें. टायरांना काळें पॉलिश होतें, पण एकावर १४०६ हे आंकडे वाचतां येत होते, म्हणजे २००६ सालचा चौदावा आठवडा. टायर चालो वा न चालो, त्याचें रबर म्हातारें होतच असतें. पुढें १९५०-६० च्या सुमाराच्या गाड्या, जुन्या फियाट, जुन्या अँबॅसेडर, ह्यांतही असाच धोका आहे, असें उस्तादांनीं परततांना सांगितलें. त्यांचे ब्रेक तेलाचे, पण चारही चाकांना तेल एकाच सिलिंडरांतून. एके ठिकाणीं गळती झाली कीं चारही गेले. तें तेल हवेंतला ओलावा ओढतें, आणि आमच्याकडच्या हवेंत ओलाव्याला काय तोटा! चार पावसाळे गाडी उभी राहिली कीं सिलिंडर आंतून गंजलाच म्हणून समजावें. कितीही चमकत असली तरी आधीं ब्रेक उघडा, मग किंमत बोला.

विकणारे गृहस्थ ह्या सगळ्या वेळांत चहाच्या कपांकडे पाहत उभे होते. आम्हीं त्यांना राजाच्या मृत्यूचें साल सांगितलें आणि गाडीचें साल सांगितलें. ते क्षणभरच गोंधळले.

"मग थोरल्या राजकन्येची असेल," ते म्हणाले. "ती इथेंच राहिली होती कीं हो."

वाचक हो, ब्रेकांनीं आम्हांस भय वाटलें होतें; ह्या वाक्यानें राग आला. थोरली राजकन्या ब्रह्मदेशांतून पुनः रत्नागिरीस आली हें खरें. पण ती येथें दारिद्र्यांत राहिली आणि १९४७ सालीं दारिद्र्यांतच वारली. जिला पोटाची भ्रांत होती तिच्या नांवावर हे गृहस्थ आमच्याकडून १८ लाख घेऊं पाहत होते. खऱ्या गाडीची हकीकत एकच असते. तिच्यांत कोठें भोंक असलें तर तें भोंकच राहतें. खोट्या गाडीची हकीकत मात्र जेथें फाटेल तेथें तत्काळ ठिगळ घेऊन तयार.

दादांचा शेवटचा आधार होता तो सरकारी नोंदणीचा. 'व्हिंटेजचा नंबर सहज मिळेल,' असें त्यांना सांगण्यांत आलें होतें. विलायतेंत १९३४ सालीं निघालेला ह्या शोकिनांचा क्लब १९१९ पासून १९३० अखेरपर्यंतच्या गाड्यांनाच व्हिंटेज म्हणतो. आपल्याकडे केंद्र सरकारनें २०२१ सालीं नियम केले त्यांत, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षें उलटलेलीं खाजगी दुचाकी-चारचाकी वाहनें येतात. नव्या नोंदणीस २०,००० रुपये, मुदत दहा वर्षें, आणि क्रमांकांत राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' हीं अक्षरें. पण अट अशी कीं गाडी मूळ स्वरूपांत असली पाहिजे, तिच्या चासींत, बॉडींत किंवा इंजिनांत मोठा फेरफार झालेला नसावा. आणि तपासणीस राज्याची समिति. शिवाय असली गाडी प्रदर्शनासाठीं, रॅलीसाठीं, संशोधनासाठीं, फार तर पेट्रोल आणि दुरुस्तीसाठीं रस्त्यावर आणतां येते. भाड्यानें फिरवितां येत नाहीं. म्हणजे वरातीचा बेत तेथेंच संपला. हा नियम आम्हीं वाचून दाखविला तेव्हां दादांनीं चष्मा काढून पुसला आणि ते गाडींत जाऊन बसले. विसार परत मिळाला नाहीं. कलमें राहिलीं.

त्या गोष्टीला दोन वर्षें झालीं. गेल्या मार्गशीर्षांत मारुती मंदिराजवळ एका लग्नास आम्ही तिघे गेलों होतों. कार्यालयाच्या दाराशीं वरातीसाठीं एक मोटार झेंडूच्या माळांनीं मढवून उभी होती. रंग ह्या वेळीं हिरवा, मोर गेलेला, आणि पितळेच्या पट्टीवर घाटावरच्या एका संस्थानाचें नांव. नवरानवरी मागें बसलीं होतीं, आणि मध्यें सहा-सात वर्षांची एक करवली, हातांत नारळ घेऊन. आम्ही पुढें जाऊन ड्रायव्हरला हळूच विचारलें, ब्रेक कसे आहेत? तो म्हणाला, "हळूच नेतों ना, साहेब." आम्ही दादांकडे पाहिलें. गाडी तीच कीं दुसरी, ह्याची खात्री कशी करावी, ह्या विचारांत आम्ही दोघे उभे होतों, तोंवर वहिनी पैठणी सांवरून पुढच्या चाकापाशीं वांकल्या होत्या.

"तार अजून तशीच आहे," त्या उठतां उठतां म्हणाल्या, आणि त्यांनीं दार उघडून आधीं करवलीला खालीं घेतलें.

दादा मुलीच्या वडिलांकडे गेले. त्यांच्यांत काय बोलणें झालें तें वाजंत्र्यांच्या गलक्यांत ऐकूं आलें नाहीं. पण दादा हातवारे करून सळयांचें वर्णन करीत होते, आणि ते गृहस्थ एकदां गाडीकडे, एकदां माळांकडे पाहत होते. शेवटीं नवरानवरीला त्यांच्या घरच्या गाडींत बसविण्यांत आलें. जुनी गाडी मिरवणुकींतून काढावयास मात्र कोणी तयार होईना, फुलांचे पैसे दिलेले होते. तेव्हां इंजिन बंद करून चार पोरांनीं तिला मागून ढकलली, ड्रायव्हर नुसतें स्टिअरिंग धरून बसला, आणि दोन पोरें हातांत दगड घेऊन चाकांच्या बाजूनें चालूं लागलीं. वरात निघाली.